कासिमेडूचं बर्फाचं गाणं

माझी सगळी नोकरी रेडिओत गेली, आणि तरीही माझ्या बायकोच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण माझ्या घरात नाही. अंकाच्या संपादकांनी ‘सरकारी रेडिओतले अनुभव, जरा खुसखुशीत’ असं मागितलं आहे. खुसखुशीत काय आहे ते वाचकांनी ठरवावं. मी सांगणार आहे ते एवढंच, की तो आवाज एकदा मुद्रित झाला होता, आमच्याच स्टुडिओत, एका बर्फाच्या कारखान्याच्या जाहिरातीसाठी. आणि आमच्याच केंद्राने तो पुसला.

अंबुजा गेली त्याला आता दीड वर्ष होईल. ती तंजावरकडच्या मराठी घरातली. तिच्या घरी बोलत ती मराठी मला लग्नानंतरही कितीतरी दिवस जुनी पोथी ऐकल्यासारखी वाटायची. ‘आहे’ला ‘अहा’, ‘नको’ला ‘नोको’, आणि मधे मधे तमिळ शब्द, वर तमिळ हेल. मी साताऱ्याचा, पुस्तकी मराठीचा. माझ्या बोलण्याला ती ‘बातम्यांची मराठी’ म्हणायची. काहीही घडलं, की ती दोन शब्दांत निकाल देई: “बरं अहा.” दुधाचे दर वाढले तरी बरं अहा आणि माझी बढती झाली तरी बरं अहा.

ती फीत का पुसली हे सांगायचं, तर सरकारी रेडिओचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे सांगावं लागतं. ते सांगताना माझा आवाज चढतो, असं तिचं म्हणणं होतं. लिहिताना निदान ती अडचण नाही.

दोन हजार सालानंतरचा तो काळ. मी चेन्नई केंद्रावर हिंदी-इंग्रजी भाषणांच्या विभागात होतो. प्राध्यापकांना बोलवायचं, त्यांच्या अर्ध्या तासाच्या ज्ञानाची दहा मिनिटं करायची, त्यांना चहा पाजायचा, हे माझं काम. ते मला आवडायचं. शहरात खाजगी एफएम स्टेशनं सुरू झाली, तशी दिल्लीहून परिपत्रकं येऊ लागली. आशय एकच: सरकार पगाराचे आणि विजेचे पैसे देईल, बाकीचं तुमचं तुम्ही कमवा. मग आमचे संचालक सुंदरम साहेब यांनी मला बोलावलं. साहेब निवृत्तीला आलेले, कपाळावर विभूती, आणि चेहऱ्यावर कायम ‘हे माझ्या काळात व्हायला नको होतं’ असा भाव.

“दातार, तुम्ही वाचता खूप,” ते म्हणाले. “आता थोडं विका.”

“काय विकू, सार?”

“वेळ. आपल्याकडे दुसरं काय आहे?”

अशा रीतीने मी विपणन विभाग झालो. विभाग म्हणजे मी, एक टेबल, आणि एक टेलिफोन, ज्यावरून शहराबाहेर फोन लागत नसे.

बाहेरच्या माणसाला हा धंदा थोडक्यात समजावून सांगतो. रेडिओकडे रोजचे ठराविक तास असतात. त्यातली मिनिटं विकायची. कोणी कार्यक्रम प्रायोजित करतो, म्हणजे कार्यक्रम आमचा आणि त्याच्या आगेमागे नाव त्याचं. कोणी मिनिटंच विकत घेतो आणि स्वतःचा कार्यक्रम आणून लावतो. इथवर सगळं सोपं. पण दर ठरणार दिल्लीत. घासाघीस करायची मला परवानगी नाही. खाजगी स्टेशनची पोरगी गिऱ्हाइकाला जेवायला नेणार, दहा जाहिरातींवर चार फुकट देणार, आणि मी त्याला सांगणार की आधी डिमांड ड्राफ्ट आणा, मग तीन प्रतींत अर्ज भरा, मग आम्ही तुमची जाहिरात ‘विचारार्थ’ पाठवू. आणि एवढं करून मी काही कमावलंच, तर ते दिल्लीच्या एका खात्यात जाणार. आमच्या मोठ्या स्टुडिओचं एअर कंडिशनिंग बंद पडलं होतं. ते दुरुस्त करायला त्या कमाईतला एक रुपया आम्हाला वापरता येत नव्हता. आम्ही विहीर खणायची, पाणी दिल्लीने काढायचं, आणि वर विचारायचं की तुमची बाग का सुकली.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. टी नगरच्या एका तूपवाल्याला दर तासाला वाजणारे वेळेचे ठोके हवे होते.

“ते पीप-पीप वाजतं ना, ते माझ्या तुपाच्या नावाने वाजू दे,” तो म्हणाला.

“ते विकता येणार नाही. ती वेळ आहे.”

“वेळ कोणाच्या मालकीची, सार?”

“कोणाच्याच नाही.”

“मग हरकत कोण घेणार?”

मी दिल्लीला पत्र लिहिलं. उत्तर आलं तोवर तूपवाल्याने खाजगी स्टेशनची आख्खी सकाळ विकत घेतली होती. उत्तर होतं, ‘प्रकरण विचाराधीन आहे.’

आता समुद्रवार्तेकडे येतो, कारण सगळं तिथेच घडलं.

सकाळच्या बातम्यांच्या आधी आमच्याकडे पाच मिनिटांची समुद्रवार्ता असे. नुंगंबाक्कमच्या हवामान कार्यालयातून मजकूर यायचा: वारा कुठून, किती जोराचा, लाटा किती उंच. आणि वाईट दिवशी शेवटी एक वाक्य: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परत यावं. हे मध्यम लहरीवर जायचं. एफएमचा आवाज गोड, पण किनारा सोडून थोडं पुढे गेलं की तो संपतो. मध्यम लहर खरखरते, पण पाण्यावरून लांबवर जाते. म्हणजे चेन्नईत इतकी स्टेशनं झाली, तरी बोटीवरच्या माणसाला ऐकू येणारं आमचंच. मला त्याचा अभिमान होता. फक्त त्या लहरीचं प्रक्षेपक यंत्र वीज खायचं, आणि समुद्रवार्तेला प्रायोजक नव्हता.

मग ते परिपत्रक आलं: ज्या कार्यक्रमातून सलग सहा महिने उत्पन्न नाही, त्याची वेळ विक्रीस काढावी. आणि विकत घ्यायला माणूस दारात उभाच होता. रत्नम नावाचे एक ज्योतिषी. दहाही बोटांत खडे, आवाजात तूप. त्यांना नेमकी समुद्रवार्तेचीच वेळ हवी होती.

“त्या वेळेला लोक रेडिओ लावून बसलेले असतात, दातार सार. तयार गर्दी,” ते म्हणाले.

“ते हवामान ऐकायला बसतात.”

“म्हणजे भविष्यच की! मीही तेच सांगणार. वर अंगठीही देणार.”

सुंदरम साहेबांनी फाईल बंद केली. “महिनाअखेरपर्यंत प्रायोजक आणा,” ते मला म्हणाले. “नाही आणलात, तर ही वेळ रत्नमना जाईल. मला सही करावी लागेल, आणि ती करताना मी तुमच्याकडे बघणार नाही.”

मी कासिमेडूला गेलो. मासेमारीचं बंदर ते. बंदर म्हटलं की पुस्तकात वाऱ्याचा आणि गलबतांचा उल्लेख असतो. इथे आधी वास येतो, मग बर्फ फोडल्याचा आवाज. बोटी निघताना पोटात बर्फ भरून निघतात, म्हणून किनाऱ्याला बर्फाचे कारखाने. त्यातला सगळ्यात जुना सेल्वराज अण्णाचींचा. तुत्तुकुडीकडचे व्यापारी (तिकडच्या व्यापाऱ्यांना मानाने ‘अण्णाची’ म्हणतात), पांढरा शर्ट, पांढरं धोतर, खिशात तीन पेनं. ते तमिळ बोलत. मी इथे मराठीत लिहितो आहे, पण त्यांचा खटका माझ्या मराठीत उतरत नाही.

मी त्यांना सगळी योजना समजावली. त्यांनी एकच गोष्ट विचारली: “वादळ असलं की ही वार्ता तुम्ही दिवसभर पुन्हा पुन्हा लावता ना?”

“हो. दर तासाला.”

“आणि दर वेळेला माझं नाव?”

“नियमच आहे. प्रायोजित कार्यक्रम प्रायोजकाच्या जाहिरातीशिवाय वाजवता येत नाही.”

“त्याचे जादा पैसे?”

“नाहीत.”

अण्णाचींचा चेहरा एकदम उजळला. “हे कागदावर लिहून द्या,” ते म्हणाले. मी लिहून दिलं. इतकं खूश गिऱ्हाईक मला त्या टेबलावर पुन्हा कधी मिळालं नाही.

जाहिरातीला गाणं हवं होतं. स्टुडिओ आमच्याकडून मिळणार, गायिका त्यांनी आणायची. “स्टुडिओ फुकट आणि गाणारी विकत? हा कुठला हिशोब?” अण्णाची म्हणाले. चार ओळी त्यांच्या मुनीमाने लिहिल्या: आमचा बर्फ काचेसारखा, तुम्ही पकडलेला मासा जसाच्या तसा घरी पोचेल, वगैरे. आमच्या पॅनेलवरच्या कलाकारांना जाहिरात गायची परवानगी नव्हती, आणि बाहेरची गायिका आणायला कोणी पैसे देत नव्हतं. मी घरी येऊन चिडचिड केली. अंबुजा अड्यारला आमच्या घराजवळच्या शाळेत गाणं शिकवायची. तिचा आवाज खालचा, थोडा घोगरा. रेडिओच्या परीक्षेत तिला कोणी पास केलं नसतं, पण मध्यम लहरीला असाच आवाज लागतो. बारीक, गोड गळे खरखरीत विरून जातात. ज्याला अंग आहे तोच आवाज पलीकडे पोचतो.

“तू गातेस का?” मी विचारलं.

“मी? बर्फावर?” ती हसली. “अहो, बर्फावर कोण गातं की? वितळून जाईल.”

“नाहीतर रत्नमची अंगठी येईल.”

“अय्यो, नोको. गात्यें.”

मुद्रणाच्या दिवशी एसी बंद. आत भट्टी. पंखा लावला तर त्याचा आवाज येतो, म्हणून तोही बंद. अण्णाचींनी बर्फाची एक लादी पोत्यात गुंडाळून पाठवली होती, ती आम्ही स्टुडिओच्या कोपऱ्यात घमेल्यात ठेवली. तिच्यावर लाकडी हातोडा मारून ठेका धरला. अंबुजाने पदराने कपाळ पुसलं आणि ते एकदाच गायलं. पुन्हा घ्यावं लागलं नाही. मानधनाच्या रकान्यात आम्ही रेघ मारली. अण्णाचींनी गाणं ऐकलं, मान डोलावली, आणि कारखान्याच्या गल्ल्यावर लावायला एक कॅसेट भरून मागून घेतली.

समुद्रवार्ता वाचली. उन्हाळाभर रोज सकाळी एकदा ते गाणं वाजायचं, मग लाटांची उंची. अंबुजा कॉफी गाळता गाळता ऐकायची आणि म्हणायची, “आज हातोडा माझ्या पुढे पळतोय की.”

मग ऐप्पसी महिना, म्हणजे आपला आश्विन-कार्तिक, आला. आपल्याकडे पाऊस संपतो तेव्हा इथे सुरू होतो. दिवाळी ते पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, हा या किनाऱ्याचा वादळांचा काळ. पहिलं वादळ उठलं, आणि आम्ही नियमाप्रमाणे इशारा दर तासाला दिला. म्हणजे दर तासाला गाणं. दुसरं वादळ आलं, पुन्हा तसंच. तिसऱ्याच्या वेळी अण्णाची माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. तीनही पेनं थरथरत होती.

“दातार सार, तुम्ही माझं काय केलंत?”

“काय झालं, अण्णाची?”

“चांगल्या दिवशी माझं गाणं एकदा वाजतं. वाईट दिवशी दिवसभर! कासिमेडूत आता काय म्हणतात माहीत आहे? दुपारी बर्फाचं गाणं लागलं, की बोटी वर ओढा. बायका घरात ते गुणगुणू देत नाहीत. काल माझ्या नातवाने गुणगुणलं, तर शेजारणीने त्याला दटावलं. माझा बर्फ अपशकुनी झाला, सार! आधी माझं नाव, आणि लगेच ‘समुद्रात जाऊ नका’. समुद्रात गेले नाहीत, तर बर्फ घेईल कोण? स्वतःच्या पैशाने मी स्वतःचं दुकान बंद करतोय!”

मी हसलो नाही, हे मी स्वतःचं मोठं यश मानतो.

“इशाऱ्याच्या दिवशी गाणं वगळा,” ते म्हणाले.

“नियम आहे. जाहिरातीशिवाय वाजवता येत नाही.”

“मग ते वाक्य बदला. ‘जाऊ नये’ कशाला? ‘जपून जावे’ म्हणा. माणसं शहाणी आहेत, समजून घेतील.”

“ते वाक्य नुंगंबाक्कमचं आहे, अण्णाची. त्यातली एक मात्राही माझी नाही. आणि असती, तरी मी बदलली नसती.”

अण्णाचींनी खिशात हात घातला. मग करार मोडल्याचं पत्र टेबलावर ठेवलं. ते घरूनच लिहून आणलं होतं.

संध्याकाळी मी अंबुजाला सगळं सांगितलं. प्रायोजक गेला, आता रत्नम येणार, वगैरे. ती भाजी निवडत होती.

“म्हणजे माझा आवाज ऐकून नावा परत येतात?” तिने विचारलं.

“तसंच म्हणतात.”

“बरं अहा की. वर्गातली पोरं तर ऐकत नव्हती.”

गाणं काढलं. महिना पुरा व्हायचा होता, म्हणून समुद्रवार्ता तेवढी बाकी राहिली. साहेबांनी रत्नमच्या फाईलवर अजून सही केली नव्हती. पुढच्याच आठवड्यात पुन्हा कमी दाबाचा पट्टा तयार झाला. दुपारपासून आम्ही इशारा द्यायला लागलो, या वेळी कोरडा, नुसतं वाचन. शब्द तेच, नुंगंबाक्कमचे. पण बोटीवर इंजिन धडधडत असतं, वारा असतो, खरखर असते; त्यात निवेदकाचं वाक्य कोण शेवटपर्यंत ऐकणार? आतापर्यंत त्यांना वाक्य ऐकावंच लागत नव्हतं. हातोड्याचा ठेका आणि तो घोगरा आवाज अवेळी कानावर आला, की नाव वळवायची, एवढं पुरे होतं. त्या दिवशी गाणं आलं नाही, म्हणून बोटी वळल्या नाहीत.

सगळे परत आले. पण उशिरा, अंधार पडता पडता, आणि एक बोट दगडी धक्क्यावर आपटून फुटली. तिच्यावरचे पोहून आले. तोवर किनाऱ्यावरच्या बायका कुठे गेल्या असतील? आमच्या केंद्रावर नाही. अण्णाचींच्या कारखान्यावर. दाराशी उभ्या राहिल्या आणि एकच विचारत राहिल्या: गाणं कुठंय?

दुसऱ्या दिवशी अण्णाचींचा फोन आला. आवाज बसलेला होता.

“सार, ते पुन्हा लावा.”

“गाणं?”

“मग काय माझं नाव? गाणं! शाप देऊन, माझ्या दारात मीठ टाकून गेल्या बायका. म्हणतात, तू समुद्राचा आवाज विकत घेतलास आणि बंद केलास. मी? मी बर्फ विकतो, सार!”

“पण तुमचा तोटा...”

“वादळात तसाही कोण बर्फ घेतो? पावसाळ्याच्या महिन्यांचे पैसे माझे. पण वर्षभराचे पैसे मी देणार नाही, सांगून ठेवतो.”

इथे पुन्हा दिल्ली आडवी आली. प्रायोजकत्व वर्षाचंच घेता येई. हंगामी असा रकाना नव्हता. मी साहेबांकडे गेलो. त्यांनी दरपत्रक काढलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि सावकाश एकेक पान उलटत गेले. मग एका जागी बोट ठेवून थांबले.

“उत्सव पॅकेज,” ते म्हणाले. “दिवाळी ते पोंगल. कपड्यांच्या दुकानांसाठी आहे. पण कपडेच हवेत, असं कुठे लिहिलंय?”

अशा रीतीने बंगालच्या उपसागरातली वादळं आमच्या दप्तरी उत्सव म्हणून नोंदली गेली. दिल्लीने हरकत घेतली नाही. उलट वर्षाच्या शेवटी अभिनंदनाचं पत्र आलं, की उत्सव पॅकेजला आपल्या केंद्राने चांगला प्रतिसाद मिळवला, इतर किनारी केंद्रांनी अनुकरण करावं. उरलेले महिने मात्र रत्नमना गेले. समुद्रवार्ता पहाटेच्या आधी ढकलली, सकाळची वेळ अंगठ्यांना. साहेबांनी सही केली आणि सांगितल्याप्रमाणे माझ्याकडे बघितलं नाही.

काही वर्षं हे असं चाललं. अण्णाची दर दिवाळीला ड्राफ्ट घेऊन यायचे, दर वेळी मला चार शिव्या द्यायचे, आणि अंबुजासाठी मोठी वाव्वाल, म्हणजे पापलेट, बर्फात घालून आणायचे. अंबुजा शाकाहारी होती. ते त्यांच्या ध्यानात कधीच राहिलं नाही. ती मासळी शेजारच्या घरी जाई, आणि शेजारी आमच्यावर फार प्रेम करीत.

मी निवृत्त झालो. मागून कळलं, की वीज वाचवण्यासाठी मध्यम लहरीचे तास कमी केले. दुपारची सभा, म्हणजे दुपारचं प्रसारण, बंद. म्हणजे दर तासाचा इशाराही बंद, आणि उत्सव पॅकेजही. आता सगळं मोबाईलवर येतं म्हणे. येत असेल.

अंबुजा गेल्यानंतर काही महिन्यांनी मी केंद्रावर गेलो. घरात फोटो पुष्कळ होते, पण आवाज नव्हता. ती बोलत होती तोवर मुद्रित करावं असं कोणाच्या मनात येतं? फितींच्या खोलीतल्या बाईंनी प्रेमाने विचारपूस केली, रजिस्टर बघितलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“सर, ती फीत रिसायकलमध्ये गेली.”

समजावून सांगतो. नव्या फिती घेणं दिल्लीने थांबवलं होतं, कारण आता सगळं संगणकावर होणार. संगणक आले नव्हते, कारण त्याला निधी नव्हता. मधल्या काळात काय करायचं? जुन्या फिती चुंबकाच्या यंत्राखालून काढायच्या, म्हणजे त्या कोऱ्या होतात, आणि पुन्हा वापरायच्या. जाहिरातींच्या फिती सगळ्यात आधी, कारण करार संपला की त्यांचं काम संपलं.

“तिच्यावर नंतर काय भरलं?” मी विचारलं.

बाईंनी रजिस्टर मिटलं. “सोडा ना, सर.”

“सांगा.”

“रत्नम सरांचे कार्यक्रम.”

मी घरी आलो. तेव्हा मला राग नेमका कोणाचा आला होता, ते अजून सांगता येत नाही. रत्नमचा नाही, त्यांनी पैसे भरले होते. बाईंचाही नाही. रागाला माणूसच सापडत नाही, हीच आमच्या खात्याची खरी कमाई.

मग कॅसेट आठवली. गल्ल्यावर लावायला अण्णाचींनी भरून घेतलेली.

गेल्या महिन्यात कासिमेडूला गेलो. अण्णाची आता थकले आहेत. कारखाना धाकटा मुलगा बघतो. खिशात एकच पेन. मला बघून उठून उभे राहिले, अंबुजाचं कळल्यावर पुन्हा बसले.

“ती कॅसेट आहे का, अण्णाची?”

“आहे म्हणजे? चला.”

त्यांनी मला धक्क्यावरच्या बोटमालक संघाच्या खोलीत नेलं. भिंतीत एक कपाट, कपाटात टेपरेकॉर्डर, त्याचा स्वतःचा स्पीकर केव्हाच बिघडलेला, तिथून तारा छतावर गेलेल्या, आणि छतावर समुद्राकडे तोंड करून चार मोठे भोंगे. रेडिओवर दुपारचं गाणं बंद झालं, तेव्हा संघाने हे स्वतःच्या पैशाने बसवलं होतं. नुंगंबाक्कमचा इशारा मोबाईलवर आला, की संघाचा माणूस इथे येतो आणि गाणं पुन्हा पुन्हा लावत राहतो. भोंग्याचा आवाज जवळच्या नावांपर्यंत पोचतो. जवळच्या वळल्या, की त्यांना बघून लांबच्या वळतात. प्रायोजक नाही, पॅकेज नाही, तीन प्रतींत अर्ज नाही.

टेपरेकॉर्डरला गंध आणि कुंकू लावलेलं होतं, वर झेंडूचा सुकत आलेला हार. नुकतीच आयुधपूजा होऊन गेली होती. या दिवशी इथे लोक आपापल्या हत्यारांची पूजा करतात: सुतार करवतीची, रिक्षावाला रिक्षाची. कासिमेडूचे लोक जाळ्यांची करतात, इंजिनांची करतात, आणि आता या यंत्राचीही. काचेतून आतली कॅसेट दिसत होती. तिच्यावर कोणीतरी तमिळमध्ये लिहिलं होतं, ‘बर्फाचं गाणं’.

“एकदा पूजा झाली, की पोंगलपर्यंत कॅसेट बाहेर काढत नाहीत,” अण्णाची म्हणाले. “सुरुवातीपर्यंत उलटी गुंडाळून तयार ठेवायची. पण तुम्ही घेऊन जा, सार. कॉपी करा आणि उद्या आणून द्या. मी सांगतो सगळ्यांना.”

“आणि आज दुपारी वारा फिरला तर?”

त्यांनी टेपरेकॉर्डरवरचा हार जरा सरळ केला.

“नको, अण्णाची. एकदा आमच्या ऑफिसने गाणं काढलं होतं, तेवढं पुरे.”

“मग इथेच ऐका. लावू?” त्यांचा हात बटणाकडे गेला.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. स्वच्छ ऊन होतं. समुद्रावर नावा पसरलेल्या, काही अगदी टिपक्याएवढ्या. खाली बायका टोपल्यांत मासे निवडत होत्या. गाणं लागलं असतं, तर चाळीस सेकंदांत त्या सगळ्या उभ्या राहिल्या असत्या, आणि तिकडे ते टिपके एकेक करून वळले असते. सगळ्यांचा दिवस बुडाला असता, आणि पुढच्या वेळी गाणं ऐकून कोणी इतक्या खात्रीने वळलं नसतं.

“वेंडाम,” मी म्हणालो. नको.

अण्णाचींनी हात मागे घेतला. “पोंगल झाल्यावर या. मी स्वतः काढून देतो,” ते म्हणाले. मग खालच्या आवाजात: “किंवा त्याआधी इशारा आला, तर फोन करतो. तुम्ही अड्यारहून येईपर्यंत ते वाजतच असेल.”

तेव्हापासून मी रोज सकाळी पेपरात आधी नुंगंबाक्कमचा अंदाज वाचतो. वाचताना मनात जे येतं ते लिहिण्यासारखं नाही. ज्याची बोट समुद्रात आहे त्याने ते कळून घेऊ नये. मग मी कॉफी गाळतो. ती मला अजून नीट जमत नाही.

आजचा अंदाज असा: वारा मंद, समुद्र शांत, मच्छीमारांसाठी कोणताही इशारा नाही.

बरं अहा.